पाच नंबरचा चिमटा

“पाच नंबर मी घेतोय,” असं ओरडून मी बाभळीला ठोकलेल्या फळीवरून कपड्यांचा चिमटा काढला आणि माझ्या सेटच्या एरियलला लावला.

दंडोबाच्या डोंगराअलीकडे आमचा माळ होता. दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण हातातल्या रेडिओ-सेटवरून उडवायची छोटी विमानं घेऊन तिथे जमायचो. गोष्ट शहाण्णव सालची. आताच्या सेटना ही भानगड नाही, पण तेव्हा प्रत्येक सेटचा एक ठरलेला नंबर असायचा. नखाएवढा एक क्रिस्टल सेटमध्ये खोचलेला असे, तोच नंबर ठरवायचा. एकाच नंबरचे दोन सेट एका वेळी चालू झाले, की वरच्या विमानाला कुणाचं ऐकावं ते कळत नाही आणि ते खाली येतं. म्हणून फळीवर प्रत्येक नंबरचा एकच चिमटा. तो ज्याच्या एरियलला, त्यानंच बटण लावायचं. नियम मोडला, तर आपला क्रिस्टल काढून फळीच्या खिळ्याला अडकवायचा आणि वर्षभर विमान उडवायचं नाही. हा नियम अप्पा मगदुमांचा. माळही त्यांचाच. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून जन्म गेलेला, त्यामुळे मोजमाप आणि शिस्त यांच्या बाहेर ते जात नसत.

पाच नंबर आम्हा दोघांचा होता, माझा आणि दस्तगीरभाईंचा. दोघांनी सेट एकदमच मुंबईहून मागवले आणि दुकानदारानं दोन्ही पाच नंबरचेच पाठवले. परत पाठवून बदलून घ्यायला मला कुठला धीर. “चिमटा एक आणि आपण दोघं. भागवू की,” दस्तगीरभाई म्हणाले, आणि दोन वर्षं आम्ही भागवत होतो.

ते मिरजेत तंबोरे आणि सतारी करायचे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, बोलणं मोजकं. माझं सांगलीत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. माळावर कुणाचं लाकूड मोडलं की ते त्यांच्याकडे, आणि रेडिओचं काही बिघडलं की माझ्याकडे, अशी वाटणी होती. रेडिओच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. हे मला फार आवडायचं.

त्या दिवशी माझं नवं विमान पहिल्यांदा वर जायचं होतं. दीड महिना खपून केलेलं. आदल्या दिवसापासून मला बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. “उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग,” असं शैला, माझी बायको, सकाळी डबा देताना म्हणालीही. माळावर पोचलो आणि इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी जी तार असते, तिच्या टोकाची प्लॅस्टिकची कडी माझ्या हातात तुटून आली. दुसरी कडी घरी. मग मी सायकलच्या स्पोकचा तुकडा पक्कडीनं वाकवला, त्याचा आकडा केला आणि इंजिनाच्या लोखंडी दांड्याच्या भोकात अडकवून दिला. पाच मिनिटांत काम. मी स्वतःवर खूश होतो.

बोटाच्या एका झटक्यात इंजिन लागलं. इंधनातल्या एरंडेलाचा तो जळका वास सुटला. विमान गुडघ्यात दाबून मी वेग वर-खाली करून बघत होतो, तेवढ्यात दस्तगीरभाई सतरंजीवरून उठून माझ्याकडे आले. माझ्यानंतर त्यांची पाळी होती, म्हणून सेट आधीच गळ्यात अडकवलेला आणि हातात तो पुसायचं फडकं. ते वाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, “मधूभाऊ, जरा...”

“नंतर, भाई, नंतर.” मी वर बघितलंसुद्धा नाही. ते आणखी काही बोलले, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी हातानंच बाजूला व्हा म्हटलं.

विमान झकास उठलं. तीन फेऱ्या मी छाती भरून मारल्या. चौथ्या फेरीला उतरवायचं ठरवून इंजिन कमी केलं, बाभळीच्या पलीकडून वळवलं, आणि विमानानं एकाएकी मान टाकली. मी सेटवरची कांडी मागे ओढली. ते सरळ झालं, पुन्हा उजवीकडे आपटल्यासारखं कलंडलं. माझ्या हाताचं ते ऐकतच नव्हतं. खाली घडीच्या खुर्चीवर मगदूमकाकू सगळ्यांच्या थाळीपिठांचा डबा उघडत होत्या. मी “काकू” एवढंच ओरडू शकलो. दोन-सव्वादोन किलोचं ते धूड त्यांच्या खुर्चीपासून सात-आठ हातांवर नाक खाली करून जमिनीत घुसलं. काकूंच्या मांडीवरचा डबा उडाला आणि त्या तशाच हात पुढे धरून बसून राहिल्या.

मग सगळ्यांच्या नजरा एका जागी गेल्या. पाच नंबरचा दुसरा सेट माळावर एकच होता, आणि तो दस्तगीरभाईंच्या गळ्यात होता.

“दस्तगीरभाई, बटण लावलंत ना?” हे मी म्हणालो. सगळ्यांच्या आधी मीच म्हणालो.

“नाही.”

“मग असं कसं होईल? सेट तुमच्या हातात आहे. फडक्यानं पुसताना सरकलं असेल.”

“नाही, मधूभाऊ. बटण बंद आहे, बघा.”

“आता बंद आहे,” मी म्हणालो.

अप्पा जवळ आले. ते तापले की आवाज खाली यायचा. “हे बघा दस्तगीर, चूक कुणाकडनंबी होती. पण माणूस मेलं असतं की ओ आत्ता.” मग ते माझ्याकडे वळले. “हुपरीकर, तुम्ही रेडिओतले. तुमचं काय म्हणणं?”

माझं म्हणणं काय असणार? दीड महिन्याचं विमान समोर चिपाडासारखं पडलेलं. “दुसरं कारणच दिसत नाही,” मी म्हणालो.

दस्तगीरभाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग नखानं आपल्या सेटमधला क्रिस्टल उपसला, फळीच्या खिळ्याला दोऱ्यानं बांधला, काकूंपुढे जाऊन “लागलं नाही ना वहिनी?” असं विचारलं आणि सतरंजी गुंडाळून स्कूटरवर बसून निघून गेले.

विमान दुरुस्त करायला मी दुसऱ्याच दिवशी बसलो. दुकानात लोकांचे टीव्ही उघडे पडले होते, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. नाक नवं केलं, पंख नवे केले. एवढं सगळं मोडलं, पण माझी ती स्पोकची तार नुसती वाकली होती. सरळ करून तीच परत बसवली. पक्की निघाली म्हणून मनात शाबासकीही दिली.

तिसऱ्या आठवड्यात परसात पल्ल्याची परीक्षा घेतली. यात सेटचं एरियल मिटून ठेवायचं आणि विमानापासून तीस पावलं लांब जायचं. तिथूनही विमान शहाण्यासारखं ऐकत असेल तर सगळं ठीक. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. ठीक होतं. मग विमान धुण्याच्या दगडाला बांधलं, इंजिन सुरू केलं, शैलाला शेपटीकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि पुन्हा लांब गेलो.

“हलतंय,” ती ओरडली.

“मी काही केलेलं नाही.”

“तेच सांगतेय. आपोआप हलतंय. अंगात आल्यासारखं.”

इंजिन बंद केलं की शांत. सुरू केलं की थरथर. मी विमानातला रिसिव्हर बदलला, बॅटरी बदलली, एरियलची वायर उलटी फिरवून बघितली, क्रिस्टल काढून पुन्हा खोचला. शेजारचे कुलकर्णी दोनदा गच्चीवर येऊन बघून गेले. दुपार झाली, हात एरंडेलानं बरबटले आणि माझं डोकं फिरायची वेळ आली.

शैला पायरीवर बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, “दस्तगीरभाई आत्ता मिरजेत असतील ना?”

“असतील. का?”

“त्यांचा क्रिस्टलसुद्धा माळावर टांगलेला आहे ना?”

मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि दगडावर बसलो. रेडिओतला मी होतो, आणि तीन आठवडे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. येऊ दिलं नव्हतं, असंच म्हणायला पाहिजे.

“जा,” ती म्हणाली. “आणि चहा पिऊन जाऊ नका. नंतर नंतर करत संध्याकाळ होईल.”

सांगली ते मिरज बसमध्ये मी विमान मांडीवर घेऊन उभ्या लोकांचे टोमणे खात गेलो. काय बोलायचं ते पन्नासदा जुळवलं. प्रत्यक्षात दस्तगीरभाईंच्या कारखान्याच्या उंबऱ्यात उभा राहिलो तेव्हा तोंडातून निघालं ते असं: “भाई, इंजिन चालू केलं की हे थरथरतंय. काही केल्या सापडत नाही.”

माफी नाही, काही नाही. बिघडलेलं विमान पुढे केलं. आजही आठवलं की माझी मला लाज वाटते.

आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले होते, खाली लाखेचा आणि सरसाचा वास. ते एका तंबोऱ्याची जवारी काढत होते. म्हणजे घोडीवर जिथे तार टेकते तिथे कानस एकेक केसभर फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं. त्यांनी मला बसा म्हटलं आणि तेवढं काम पुरं केलं. मी अर्धा तास बसून होतो. अर्धा तास गप्प बसण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

मग त्यांनी विमान जवळ ओढलं. इंजिन सुरू करायला सांगितलं नाही. नाकावर बोटानं टिचकी मारली आणि कान लावला. थोडं पुढे टिचकी मारली. तिसऱ्या टिचकीला थांबले.

“इथं.”

त्यांचं बोट माझ्या स्पोकच्या आकड्यावर होतं.

“ऐका,” ते म्हणाले आणि पुन्हा टिचकी मारली. मी कान लावला. अगदी बारीक, मच्छरासारखी झिणझिण. “लोखंडाच्या भोकात लोखंडाची तार ढिली बसली. इंजिन हललं की ती वाजायला लागती. तंबोऱ्याला हेच पाहिजे म्हणून आम्ही दोन-दोन दिवस कानस मारतो. तुमच्या रेडिओला ते चालतंय का, मला ठाऊक नाही. ते तुम्ही सांगा.”

मला सांगायची गरज नव्हती. धातूवर धातू थरथरला की त्यातून रेडिओत खरखर उठते, हे मी पहिल्या वर्षी शिकलेलो. म्हणूनच तर ती कडी प्लॅस्टिकची असते. दुकानात मी गिऱ्हाइकांना अशा गोष्टी समजावून सांगायचो.

“उतरताना इंजिन कमी केलंत, तेव्हा जास्त वाजली असणार,” ते म्हणाले.

“तुम्हाला हे आत्ता कळलं?”

त्यांनी कानस पुसून जागेवर ठेवली. “त्या दिवशी सतरंजीवर बसल्या-बसल्या ऐकू आलं. इंजिनात काहीतरी झणकतंय, नेहमीचा आवाज नाही. तेच सांगायला उठलो होतो.”

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. “मधूभाऊ, जरा...” आणि माझा हवेत हललेला हात, दोन्ही मला लख्ख दिसलं. ते सतरंजीवर बसून राहिले असते, तर सेट गळ्यात घेऊन ते सगळ्यांच्या मध्ये उभे दिसले नसते. मला वाचवायला उठले, म्हणून सापडले.

“मग तेव्हाच का नाही बोललात? अप्पांसमोर?”

“बटण लावलं नाही म्हटलं, ते तुम्ही ऐकलं नाही. झणका कुठनं ऐकला असता?”

हे ते रागानं म्हणाले नाहीत. रागानं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी माळावर मी सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं की विमान रिसिव्हरमुळे पडलं. रिसिव्हरच मुळात सदोष निघाला, दस्तगीरभाईंचा काही संबंध नाही. हे मी रात्रभर घोळवून ठरवलं होतं. भाई सुटले, माझंही झाकलं गेलं, कुणाचंच वाईट नाही. अप्पांचा चेहरा उतरला. “मग उगंच बोललो की ओ आपण त्या माणसाला,” ते म्हणाले. “हुपरीकर, जावा आणि घेऊन या त्यांना. क्रिस्टल तुम्हीच न्या.”

काडेपेटीत क्रिस्टल घालून मी तसाच मिरजेला गेलो. गड जिंकून आल्यासारखी काडेपेटी त्यांच्यापुढे ठेवली. “झालं भाई. रिसिव्हर खराब होता म्हणून सांगितलं. सगळ्यांना पटलं.”

“रिसिव्हर?”

“हो.”

“आणि ती तार?”

“ती काढली मी. नवी कडी बसवली.”

“ते कळलं. त्यांना सांगितली का?”

मी भोपळ्यांकडे बघायला लागलो. त्यांनी काडेपेटी उघडलीसुद्धा नाही. दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली.

“अप्पांच्या विमानाची कडी उद्या मोडंल. तेबी तार वाकवून बसवतील. त्यांना काय ठाऊक? आणि वहिनी तिथंच बसत्यात.” मग थोडं थांबून म्हणाले, “हे असू दे तुमच्याकडंच.”

परतीच्या बसमध्ये मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं सगळं निस्तरून दिलं आणि या माणसाला अजून काय हवं होतं? अर्ध्या वाटेपर्यंत तो राग टिकला. सांगलीत उतरताना कळलं, की निस्तरलं मी माझं होतं.

पुढच्या रविवारी मी विमान नेलं, आणि नव्या कडीच्या जागी ती स्पोकची तार पुन्हा बसवून नेलं. बाभळीला बांधलं, इंजिन सुरू केलं, एरियल मिटून तीस पावलं लांब गेलो. शेपूट सगळ्यांसमोर नाचायला लागली. मग परत येऊन त्यांना आकडा दाखवला, कसा केला ते सांगितलं, आणि दस्तगीरभाई कशासाठी उठले होते तेही सांगितलं.

पहिल्यांदा बोलल्या त्या काकू.

“म्हणजे ते तुम्हाला सांगायला आले होते?”

“हो.”

“आणि तुम्ही काय म्हटलं?”

“नंतर म्हटलं.”

काकूंनी मान हलवली. विमान पडलं त्या दिवसापासून त्या खुर्ची गाडीच्या आडोशाला लावून बसायच्या, हे मला माहीत होतं. मी माझ्या सेटमधला क्रिस्टल काढला आणि फळीच्या खिळ्याला बांधला. असू दे, असं अप्पा म्हणतील अशी मला मनातून आशा होती. ते म्हणाले नाहीत. खिशातली काडेपेटी काढून मी त्यांच्या हातात दिली. “ही तुम्ही नेऊन द्या, अप्पा. माझ्याकडून ते घेणार नाहीत.”

अप्पा त्याच दिवशी मिरजेला गेले आणि पुढच्या रविवारी दस्तगीरभाई आले. पाच नंबरचा चिमटा आता त्यांचा एकट्याचा होता. वर्षभर उडवायचं नव्हतं, पण घरी बसणं मला जमेना. शैला म्हणाली, “माळावर जा, नाहीतर माझं डोकं खाल.” म्हणून मी जात राहिलो. इंजिन सुरू करताना कुणीतरी विमानाची शेपूट धरून बसावं लागतं. ते काम माझं झालं. दस्तगीरभाई आणि मी कामापुरतं बोलायचो. धरा, सोडा, एवढंच.

दोन महिने झाले असतील. त्यांचं विमान धरून मी बसलो होतो. इंजिन लागलं, त्यांनी वेग वर नेला, आणि मला वाटलं काहीतरी वाजतंय. नक्की नव्हतं. माझ्या कानावर माझाच भरवसा नव्हता. तरी मी हात वर केला आणि म्हणालो, “भाई, जरा...”

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी दोन बोटांनी तेलाची नळी दाबली. इंजिन बंद. माळ एकदम शांत झाला. काय म्हणून त्यांनी विचारलं नाही. पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि वाट बघत राहिले.

मी नाकाला टिचक्या मारल्या, कान लावला, कड्या हलवून बघितल्या, स्क्रू तपासले. मागे अप्पा आपल्या पाळीसाठी ताटकळत होते. काही सापडेना.

“काही नाही,” मी म्हणालो. “मला भास झाला.”

“बरं,” दस्तगीरभाई म्हणाले. “आणखी एकदा बघायचं का?”

“नको.”

“मग धरा.”

ते पुन्हा पंख्यावर वाकले. मी शेपूट दोन्ही हातांनी गच्च धरली आणि कान टवकारले. इंजिन तर अजून सुरू व्हायचं होतं.